हातचा राखलेला धडा

एका राज्यात गुरू उदंड होते आणि शिष्य सारे अर्धे. रीतच तशी होती. गुरूने सर्व शिकवावे, शेवटचा धडा मात्र हातचा राखावा. नाहीतर शिष्य डोईजड होतो म्हणे. आणि याला ते शहाणपण म्हणत!

एका मांत्रिकाचा गुरू असाच शेवटचा मंत्र न सांगता गेला. मांत्रिकाने संतापून शाप दिला, "राखलेला प्रत्येक धडा माझ्या गुहेत दगड होऊन पडो!"

पुढे त्या राज्यात निद्राज्वर आला. मुले निजत ती उठत नसत. राजवैद्याने जागवेलीची मुळी दाखवली, पण ती द्यायची कशी हे राखले, आणि तो वारला.

निजलेल्यांत भिवराची धाकटी बहीण गोदा होती. भिवराने आधी नाव वल्हवली, मग निळीत कापड रंगवले, आणि आता ती राजाच्या धनुर्धरांची नाईक होती. ती तडक गुहेपाशी गेली. दारावर धनेश पक्षी बसला होता.

"काय हवे?"

"वैद्याचा धडा."

"तू तीन विद्या शिकलीस. तिन्हींतले राखलेले देऊन ये."

"मी कुठे काय राखलंय?"

"सगळे असेच म्हणतात, बाई."

भिवरा वरमली. नदीवर जाऊन तिने पोरसवद्या नावाड्यांना भोवऱ्यातून नाव काढायची युक्ती दाखवली. रंगाऱ्यांना पक्क्या निळीचे गुपित सांगितले. ते हसले, "एवढंच? आणि इतकी वर्षं मिरवत होतीस!"

तिसरे अवघड होते. आडव्या वाऱ्यात बाण कसा सोडावा, हे एकट्या तिला येई; तिची नाईकी त्यावरच उभी होती. ती प्रतिस्पर्धी रणधवलाकडे गेली.

तो म्हणाला, "मला शिकवलंस, तर उद्या तुझी जागा माझी."

"घे. आता नीट उभा राहा. खांदा पाड."

दुसऱ्या दिवशी रणधवल नाईक झाला. भिवरा परतली, तो गुहेचे दार उघडले. वैद्याचा दगड तिच्या हातात बोलला, "मुळी उकळू नये. थंड पाण्यात उगाळून पाजावी."

भिवरा धावत निघाली. वेशीवर राजा आडवा आला.

"थांब! ते फक्त माझ्या कानात सांग. खजिन्यात जपून ठेवू."

भिवराचा आवाज पार बसला होता. "उशीर झाला, महाराज. वाटेतल्या गावागावांत ओरडत आले. तुमच्या पागेतल्या मोतद्दारालाही ठाऊक आहे."

राजा काही बोलणार, तोच गावातून पोरांचा कालवा ऐकू आला. बातमी तिच्याही पुढे धावली होती.

गोदा उंबऱ्यावर भात खात होती. "ताई, होतीस कुठे? शेजारच्या सटवामावशींनी मला कसलं कडूजहर पाणी पाजलं!"

राखलेला धडा साऱ्यांचा झाला, त्याच घटकेला गुहेतले सारे दगड फुटले आणि शाप सरला. खजील झालेल्या राजाने भिवराला पाठशाळा बांधून दिली. नावाडी, रंगारी, रणधवल, सारे तिथे शिकवायला येतात. तिथे शेवटचा धडा पहिल्याच दिवशी शिकवतात, बाकीचे सावकाश.