ऐकलंत का हो?

पिंपळाखाली घाट नवा बांधला, तेव्हाची गोष्ट. त्या पिंपळावर एक म्हातारा कावळा आणि त्याची पंखानं अधू कावळी राहायची. तिला घास तोच आणून द्यायचा. घाटावर दहाव्याचा पिंड ठेवत. कावळा शिवला की माणसं म्हणत, मेलेल्याची इच्छा पुरी झाली. कावळा हसायचा. "कसली इच्छा गं? भूक लागते म्हणून शिवतो. मेल्यावर काही नसतं."

पुढं तो आजारी पडला. कावळीनं विचारलं, "आता तरी भ्या वाटतं का पुढचं?"

"पुढं काही नाहीच, त्याला काय भ्यायचं? मागचं भ्या वाटतं. तुला घास कोण देईल?" एवढं बोलून तो गेला.

दोन दिवस कावळी उपाशी बसली. तिसऱ्या दिवशी खाली एका म्हाताऱ्याचा पिंड ठेवला. ऊन डोक्यावर आलं, तरी ती हलेना. शेवटी म्हाताऱ्याचा लेक हात जोडून म्हणाला, "आबा, आईची काळजी करू नका. तिला उपाशी ठेवणार नाही."

तशी कावळी फांद्याफांद्यांवरून उड्या मारत खाली आली. पिंडाला चोच लावली आणि वर बघून म्हणाली, "ऐकलंत का हो?"

वरून कुणी ओ दिली नाही. मग ती मान खाली घालून एकटीच जेवली.