खणखणीत भोपळा

पुष्कळ वर्षांपूर्वीचं सांगतो. किती वर्षांपूर्वीचं ते विचारू नका. मोजत बसलो तर गोष्ट राहून जाईल. नदीकाठी एक लहानसं राज्य होतं आणि त्या राज्यात हत्ती एकच होता. मोठ्या राजांकडे हत्तींच्या रांगा असतात. या राजाला एकच पोसता येत होता, म्हणून सगळ्या प्रजेचा त्याच्यावर जीव. त्याचं नाव गंभीरा.

गंभीराचा माहूत होता सटवाजी. पिल्लू असल्यापासून त्यानंच गंभीराला वाढवलं. पहिली भाकरी हत्तीला आणि दुसरी स्वतःला, हा त्याचा रोजचा क्रम. सटवाजीला मूलबाळ नव्हतं. हत्तीबद्दल बोलताना तो "आमचा थोरला" म्हणायचा, आणि धाकटा कुठं आहे असं कोणी विचारलं की फणकारायचा.

आता हत्ती म्हटला की माज आलाच. वर्षातून एकदा त्याच्या कानशिलातून मद पाझरू लागतो, आणि मग शहाण्यातला शहाणा हत्तीसुद्धा कोणाचं ऐकत नाही. त्या दिवसांत गंभीरा फक्त एका गोष्टीनं शांत व्हायचा. ती म्हणजे सटवाजीच्या बायकोची, तुळजाची, एकतारी.

एकतारी म्हणजे काय, हे धाकट्यांना सांगायला हवं. एक लांब दांडी, तिच्यावर एक जाड तार, आणि दांडीखाली बांधलेला मोठा पोकळ भोपळा. नुसती तार छेडली तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही. भोपळ्यात शिरला की तोच आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. तुळजाचा भोपळा जुना, जाड सालीचा होता. त्यातून आवाज निघायचा तो असा खोल, की कानाआधी छातीत कळायचा. ती नदीकाठच्या पारावर बसून तार छेडायची, आणि पार पलीकडे साखळदंडाशी झुंजणारा गंभीरा हळूहळू कान पाडून उभा राहायचा. मग सटवाजी जवळ जाऊन त्याला चारापाणी करायचा. वर्षानुवर्षं असं चाललं होतं.

एका वर्षी एकतारी खुंटीवरून पडली आणि भोपळा फुटला.

माजाचे दिवस दोन महिन्यांवर आले होते. नवराबायको भोपळा घ्यायला देवीच्या जत्रेला गेली. गेली तीसुद्धा शेवटच्या दिवशी, कारण सटवाजीचं म्हणणं, "जत्रा मोडताना भाव पडतात. आधी जातो तो खुळा." या बाबतीत सटवाजी मोठा हुशार. घोंगडं असो, खुरपं असो, त्यानं स्वस्तात आणलं नाही असं कधी झालं नव्हतं, आणि ते गावभर सांगितलं नाही असंही झालं नव्हतं.

भोपळेवाला आवरायलाच लागला होता. त्याच्यापुढं पाचसहा भोपळे उरले होते. सटवाजी उकिडवा बसला आणि बोटाच्या पेरानं एकेक भोपळा वाजवू लागला. का? तर आपण मडकं घेताना वाजवून घेतो म्हणून. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं. कच्चं मडकं बद्द वाजतं, पक्कं मडकं खणखणीत वाजतं, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं.

एक भोपळा जाड, जड, वर खवले आलेला होता. सटवाजीनं वाजवला, तर नुसता "धप्" आवाज आला.

"हा फुटका दिसतोय."

"फुटका नाही, मालक. वेलावरच वाळलाय, दोन उन्हाळे काढलेत त्यानं. त्याचा भाव मात्र कमी व्हायचा नाही. आज विकला नाही तर पुढच्या जत्रेत विकेन."

दुसरा भोपळा गुळगुळीत, लाखेनं चमकवलेला. सटवाजीनं टिचकी मारली आणि तो असा टणकन वाजला, की पलीकडचा बांगडीवाला मान वळवून बघू लागला.

"हा हिरवा तोडून धुरावर वाळवलाय," भोपळेवाला म्हणाला. त्यानं काही लपवलं नाही हो, त्याला दोष देऊ नका. "साल पातळ आहे. परत वाहून न्यायचा कंटाळा आलाय, अर्ध्या भावात घेऊन जा."

सटवाजीच्या कानात यातलं फक्त 'अर्ध्या भावात' एवढंच शिरलं.

तुळजानं तार बरोबर आणली होती. ती म्हणाली, "अहो, जरा थांबा. दोन्हींवर तार बांधते. तुम्ही वाजवा, मी त्या शेताच्या टोकाला जाऊन ऐकते."

"मडकं घेताना कोणी शेताच्या टोकाला जातं का? ऐक, किती खणखणीत आहे."

"मला खणखणीत नकोय. मला घुमणारा हवाय."

"आवाज मोठा झाल्याशी कारण ना? मग या सगळ्यांत मोठा याचाच आहे. हा काय, सगळ्यांशी ताडून पाहिला. आणि भाव बघ."

तुळजानं त्या जड भोपळ्यावर एकदा हात ठेवला. बाजारात चारचौघांत नवऱ्याशी वाद घालायची तिला लाज वाटली. चमकणारा भोपळा घरी आला. सटवाजीनं वाटेत भेटेल त्याला तो वाजवून दाखवला.

घरी तुळजानं तार बांधून पाहिली. आवाज मोठा होता, त्यात खोट नव्हती. पण तो कानावर आपटायचा आणि तिथंच संपायचा. "मुरेल हळूहळू," सटवाजी म्हणाला. लोणचं मुरतं म्हणून भोपळाही मुरेल, असं त्याला वाटलं असावं.

त्या वर्षी माज लवकर आला, आणि तोही नको त्या वेळी. सटवाजी हत्तीला नदीवर धुऊन मानेवर बसून परत आणत होता. साखळदंड पायात नव्हता. आमराईपाशी गंभीरा अचानक थबकला, सोंड वर करून त्यानं वारा हुंगला, आणि त्याच्या कानशिलावरून काळा ओघळ उतरताना सटवाजीला वरून दिसला.

माजलेल्या हत्तीच्या मानेवरून उतरता येत नाही. उतरला की पायाखाली. बसून राहावं तर तो झाडावर घासून पाडणार. गंभीरानं तेच सुरू केलं. तो आंब्याखाली शिरला, फांद्या कडाकडा मोडू लागल्या, आणि सटवाजी त्याच्या मानेवर पालथा पडून कान धरून राहिला. एका फांदीनं त्याची पाठ सोलून निघाली.

"तुळजाला बोलवा," तो ओरडला. "एकतारी आणा."

लोक धावले. राजाही आला, भालाईत घेऊन. त्याचा चेहरा उतरला होता. "हत्ती बाजाराकडं वळला तर भाले सोडावे लागतील," तो म्हणाला. "मग माहूतही वाचायचा नाही."

तुळजा धापा टाकत पारावर आली. पदरानं हात पुसून तिनं तार छेडली.

आवाज उठला. खणखणीत उठला. आमराईतले पोपट भर्रकन उडाले. गंभीरानं गर्रकन मान वळवली, पण त्याचे कान पडले नाहीत. उलट सुपासारखे ताठ उभे राहिले. तो चीत्कारला आणि बुंध्यावर धडकला.

"जोरात वाजव," सटवाजी वरून म्हणाला.

तिनं जोरात वाजवली. जितकी जोरात वाजवली, तितका तो आवाज टोचरा झाला आणि तितका हत्ती भडकला. भोपळा त्याचं काम चोख करत होता बरं का. आवाज मोठा करण्यासाठी त्याला घेतला होता आणि तो मोठा करत होता. तुळजाला ते कळलं.

वर सटवाजीचा धीर सुटला. माहुताच्या कमरेला अंकुश असतो, लोखंडी, टोकदार. सटवाजीचा अंकुश आजवर नुसता शोभेचा होता. थोरल्याला टोचायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. आता जिवाच्या भीतीनं त्यानं तो उपसला आणि गंभीराच्या कानामागं खुपसला. एकदा, पुन्हा एकदा, मग डोळे मिटून कितीतरी वेळा. रक्त त्याच्या मनगटापर्यंत आलं. गंभीरा ज्या स्वरात ओरडला तो स्वर सटवाजीनं थोरला पिल्लू असताना ऐकला होता, त्यानंतर कधीच नाही.

हत्ती बाजाराकडं वळला. राजानं हात वर केला. भालाइतांनी भाले तोलले.

तुळजानं इकडंतिकडं पाहिलं. पाराखाली रंगाऱ्याचे रांजण अर्धे जमिनीत पुरलेले होते, कापड रंगवायचे. त्यातला एक रिकामा होता. तिनं दाताखाली दोरी धरून तोडली, भोपळा बाजूला फेकला, आणि पारावरून उडी मारून दांडी त्या रांजणाच्या तोंडावर आडवी टेकवली.

"महाराज, एकदाच," ती म्हणाली.

तिनं तार अलगद छेडली. जोर लावलाच नाही. रांजणाच्या पोटातून एक खोल, लांब घुमारा निघाला आणि जमिनीवरून सरकत गेला. जवळ उभ्या माणसांना तो फारसा मोठा वाटलाही नाही. पण दूर गेलेल्या गंभीराचा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. तिनं पुन्हा छेडली. पाय खाली आला. कान थोडे हलले, मग पडले. राजाचा हात कधी खाली आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तुळजा वाजवत राहिली, बोटं फुटेपर्यंत. गंभीरा तिथंच उभा राहून कापत होता. सटवाजी शेपटीकडून घसरत उतरला, आणि लोकांनी त्याला ओढून नेलं.

तर माहूत वाचला, हत्ती वाचला. इथं तुम्ही सुस्कारा टाकाल. मी टाकत नाही, कारण गोष्ट अजून संपली नाही.

माज ओसरला. जखमा भरल्या. गंभीरा पहिल्यासारखा गरीब झाला, पोरंसोरं त्याच्या सोंडेला लोंबकळू लागली. एका सकाळी सटवाजी हातात भाकरी घेऊन त्याच्याजवळ गेला. गंभीरानं त्याच्याकडं पाहिलं आणि मागं सरकला. सटवाजीनं आणखी एक पाऊल टाकलं, तर तो साखळी ताठ होईपर्यंत मागं गेला, आणि एवढं मोठं जनावर उभ्या जागी थरथरू लागलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, महिन्यानंतरही तसंच. राजानं नाइलाजानं नवा माहूत नेमला. तुळजा एकटीच जत्रेला जाऊन पहिल्याच दिवशी पुऱ्या भावात जड भोपळा घेऊन आली. गंभीरा नव्या माहुताच्या हातचं खायचा, तुळजाच्या हातचं खायचा, वाटेवरच्या परक्याच्या हातचंसुद्धा खायचा. सटवाजी रोज सकाळी पहिली भाकरी तुळजाच्या हाती द्यायचा आणि गंभीराला आपण दिसू नये म्हणून भिंतीआड उभा राहायचा. तिथून त्याला थोरल्याच्या खाण्याचा आवाज ऐकू यायचा.

म्हणून सांगतो: वस्तू घेताना ती शेजारच्या वस्तूशी ताडून पाहू नका, तिच्याकडून जे काम हवं आहे, त्या कामाशी ताडून पाहा.