विटेमागचा कूड

"भंते, ही वीट खोटी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

प्रज्योतच्या हातात एक कौल होतं. समोरून पाहिलं तर वीट, आडवं धरलं तर जेमतेम बोटभर जाड.

भंते शीलरक्खितांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "कुठून काढलंस?"

"या खिडकीतून हात बाहेर घातला आणि ओढलं. खिळा गंजला होता."

इंग्लंडमधल्या एका जुन्या बाजारपेठेतलं हे घर. खाली चहापत्तीचं दुकान, वर भंतेंचं विहार. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तांबड्या विटांची तालेवार इमारत दिसायची. प्रज्योत कांबळे जुन्या इमारतींचा आर्किटेक्ट. टकटक केल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्याची खोड. आला त्या दिवशी पठ्ठ्यानं बुद्धमूर्तीलाही टिचकी मारून पाहिली होती. पितळ की मुलामा, कळायला नको?

उद्या सकाळी भंते त्याचं मुंडन करून, चीवर देऊन त्याला भिक्षू करणार होते. आणि आज त्याची बॅग भरून जिन्याशी उभी होती.

"मागे काय सापडलं?" भंतेंनी कौल परत देत विचारलं.

"लाकडाची चौकट. तिच्यात काटक्या विणून मातीनं लिंपलेला कूड. आमच्या राजापूरला गोठ्याला असायचा, तसाच. कुणाला तरी त्याची लाज वाटली आणि त्यानं वरून विटांचा देखावा ठोकला. तेव्हापासून लोक फसतायत."

"आणि तू?"

"मी नाही फसत. काल दुकानामागच्या खोलीत तुम्ही रडत होतात, भंते. मी जिन्यात उभा होतो."

"हो. माझी बहीण गेली."

"आणि लगेच वर येऊन आम्हाला अनित्य शिकवलंत. शांत चेहऱ्यानं."

"शिकवलं."

"मग खरं काय होतं? तो चेहरा, की ते रडणं? हे कळल्याशिवाय मी उद्या तुमच्यापुढे डोकं वाकवणार नाही."

भंते काही बोलले नाहीत...

प्रज्योतला ते गप्प बसणंही संशयाचं वाटलं. एकदा संशय मनात बसला की माणूस शांततेवरही टकटक करत सुटतो.

बाहेर पाऊस सुरू झाला. वारा समोरून होता, थेंब तिरपे भिंतीवर येत होते.

भंते उठले. खिडकी उघडली, चीवर खांद्यावर सारलं, हात बाहेर काढला आणि कौल निघालं होतं त्या जागेवर तळवा दाबून धरला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळू लागलं.

प्रज्योत नुसता पाहत राहिला. हाही देखावाच असेल, असं त्याच्या मनात आलंच.

भंतेंची बोटं गारठून पांढरी पडली. हात मात्र तिथंच होता.

"भंते, आत या." प्रज्योतचा आवाज आता खाली आला होता. "या वयात हे कशाला?"

भंतेंनी तळवा आणखी घट्ट दाबला.

"भंते, काय करताय तुम्ही?"

भंतेंनी वळून एकदा त्याच्या हातातल्या कौलाकडे पाहिलं.

"कूड मातीचा आहे," ते म्हणाले. "तुझं ठरेपर्यंत भिजायला नको."