जिनगराचं म्यान

पुष्कळ काळ लोटला त्याला. एका डोंगरी राज्यात धाकोजी नावाचा जिनगर राहत असे. घोड्यांची खोगिरं तो करीच, पण त्याचं नाव झालं होतं पिस्तुलांच्या कातडी म्यानांमुळे. धाकोजीच्या म्यानात पिस्तूल लोण्यात सुरी बसावी तसं बसे आणि हात लागताच बाहेर येई. राजाचे सगळे शिपाई त्याचंच म्यान कमरेला बांधत. धाकोजीला त्याचा मोठा अभिमान होता.

एकदा गुरांच्या बाजारात एका बैलावरून दोघांची जुंपली. पहाऱ्यावरचा शिपाई मानाजी त्यांना सोडवायला मध्ये पडला. एकाला त्याने दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात दुसऱ्याने रागाच्या भरात मागून त्याच्या कमरेचं पिस्तूल ओढलं आणि चाप दाबला. मानाजी जागीच कोसळला. मारणाराही ते पिस्तूल हातात धरून तसाच उभा राहिला. आपण काय केलं, हे त्यालाच कळत नव्हतं.

धाकोजी मानाजीच्या घरी गेला. मानाजीची बायको तुळसा उंबऱ्याशी बसली होती. ती म्हणाली, "काका, तुमच्या कामात खोट नव्हती. हात लागला, पिस्तूल निघालं. हात कुणाचा, ते त्या कातड्याला काय ठाऊक?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर धाकोजीला सोसलं असतं.

घरी येऊन त्याने तयार म्यानं उसवून टाकली. नवी मागणी घेईना. त्याची बायको भागू म्हणाली, "मारलं त्या माणसाने. तुम्ही का जिवाला लावून घेता?"

"मारलं त्याने," धाकोजी म्हणाला, "पण त्याला सोपं करून दिलं मी."

मग त्याने जाड कातड्याचं खोल म्यान शिवलं. आत पितळेची एक खिट्टी बसवली. ती पिस्तुलाच्या चापाभोवतीच्या कडीत अडके. ज्याच्या कमरेला म्यान, त्याने वरून मूठ धरून अंगठ्याने खिट्टी दाबली, तरच ती सुटे. धाकोजी रिकामं पिस्तूल कमरेला बांधून उभा राही आणि भागू मागून, पुढून, बाजूने ओढून पाही. कितीदा तरी ते निघून आलं. प्रत्येक वेळी त्याने शिवण उसवली. सारा उन्हाळा असा गेला. शेवटी एक दिवस भागू ओढून ओढून दमली आणि मटकन खाली बसली. पिस्तूल जागचं हललं नव्हतं.

धाकोजी ते घेऊन शिपायांच्या नाइकाकडे गेला. नाइकाने खिट्टी दाबून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "शत्रू समोर उभा असताना माझा शिपाई खिट्टी चाचपत बसेल काय?"

"रोज शंभरदा काढायची सवय लावा त्यांना, नाईक. अंगठा आपोआप तिथे जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"तर दोष माझा. पण मानाजी शत्रूसमोर पडला नाही. तो भांडण सोडवताना पडला."

नाइकाने ते म्यान ठेवून घेतलं. तरी त्याने सगळ्यांसाठी हुकूम काढला नाही. तुळसाचा भाऊ रायाजी तेवढा पुढे आला. तोही शिपाईच होता. त्याने ते म्यान बांधलं आणि सांगितल्याप्रमाणे रोज सराव केला.

पुढच्या जत्रेत गर्दी उसळली. चोरीच्या आळावरून पकडलेला एक माणूस भीतीने वेडापिसा झाला आणि त्याने रायाजीच्या पिस्तुलावर झडप घातली. दोन्ही हातांनी ओढलं. रायाजी फरफटत चार पावलं गेला, पण पिस्तूल निघालं नाही. त्याने वळून त्या माणसाची मनगटं धरली. तो माणूस ओक्साबोक्शी रडू लागला. चौकशीत तो निर्दोष ठरला आणि आपल्या घरी गेला.

नाईक स्वतः धाकोजीच्या दारी आला. "तुमच्या म्यानाने माझा शिपाई वाचवला," तो म्हणाला.

"दोघं वाचले, नाईक," धाकोजी म्हणाला. "एक मरता मरता वाचला आणि एक मारता मारता."

त्या वर्षापासून राज्यातल्या प्रत्येक शिपायाच्या कमरेला खिट्टीचं म्यान आलं.

बोध हाच, की दुसऱ्याच्या हाती बळ देणाऱ्याने ते आवरून धरण्याची सोयही आधी करून द्यावी.