पडलं शेण, उठली माती

एक होतं जंगल. जंगल म्हटलं की झाडं आली आणि झाडं आली की राजा आला, कारण ती तोडायची परवानगी कोणीतरी द्यावी लागते. इथले राजे होते अस्वल महाराज, बहुमताने निवडून आलेले. मोहाची फुलं खाऊन ते दुपारपर्यंत झोपायचे, त्यामुळे दुपारपर्यंत राज्य उत्तम चालायचं.

त्या जंगलात कचरा नावाची गोष्टच नव्हती. गवे गवत खायचे आणि शेण टाकायचे. शेणकिडे त्याचे गोळे करून जमिनीत पुरायचे. त्यावर पुन्हा गवत यायचं. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं होतं. त्यात चूक एकच होती, की ते कोणाला विचारून चाललं नव्हतं.

या शेणकिड्यांत एक होती भागाक्का. जीव एवढासा, पण तोंड गव्याएवढं. यंदा तिने एक झकास गोळा वळला होता आणि आत आपलं एकुलतं एक अंडं घातलं होतं. गोळा वेळेत मातीत गेला तर पोर जगणार, उन्हात वाळला तर गेलंच. भागाक्का तो मागच्या पायांनी ढकलत उंबराखालच्या बिळाकडे निघाली होती.

नेमके तेव्हाच महाराज परदेश दौऱ्यावरून, म्हणजे ओढ्यापलीकडून, परत आले. येताना एक शब्द घेऊन आले.

“बंधूंनो आणि भगिनींनो! चार पायांच्या आणि सहा पायांच्या मतदारांनो! आजवर या जंगलात काय झालं? शेण पडलं! आणि पडूनच राहिलं! आता येतेय चक्रीय अर्थव्यवस्था! शेणातून ऊर्जा! ऊर्जेतून प्रगती! आणि प्रगतीतून...” महाराज अडले.

“पुन्हा शेण,” मागून तरसशेठ कुजबुजला.

“पुन्हा शेण!” महाराज गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“पडून कुठं राहिलं? मग आम्ही काय झक मारतो होय?” भागाक्का ओरडली. पण ती गवताच्या पात्याखाली होती आणि महाराज खडकावर.

शेण उचलायची निविदा निघाली. अट एकच, अर्जदार तरस असावा. चुरशीच्या स्पर्धेत तरसशेठची चक्रवर्ती हरित उद्योग कंपनी जिंकली. हिरव्या टोप्या घातलेली माकडं टोपल्या घेऊन कामाला लागली. शेणाचा गॅस झाला, गॅसची वीज झाली आणि महाराजांच्या गुहेत एक दिवा लागला. तो दिवसाही चालू असायचा, कारण ऊर्जा अक्षय होती. उरलेला चोथा पोत्यांत भरून कंपनी गव्यांनाच खत म्हणून विकू लागली. आपलंच शेण आपणच विकत घ्यायचं, याला चक्रीय म्हणतात हे गव्यांना तेव्हा कळलं.

पण माकडं शेणाबरोबर खालची हातभर मातीही खणून नेत. भागाक्काचं उंबराखालचं बीळ असंच टोपलीतून गेलं. गोळा सावलीसावलीने ढकलत ती दुसरी ओली जागा शोधू लागली. लोक कुरकुरले, तेव्हा तरसशेठने नम्रपणे हात जोडले. “वाडवडील काय सांगून गेले? पडलेलं शेण माती घेऊनच उठतं. आता कंपनीने काय वाडवडिलांचा अपमान करायचा?”

संस्कृतीचाच प्रश्न आल्यावर कोण बोलणार? शेण पडेल तिथली माती कंपनीची, असा हुकूमच निघाला. मग कंपनीला चांगल्या चांगल्या कुरणांत शेण कमी पडतंय असं दिसून आलं. लगेच ‘निर्मळ पोट अभियान’ सुरू झालं. रोज सकाळी प्रत्येक गव्याला सरकारी खर्चाने जमालगोटा पाजायचा आणि कुरणभर पळवायचं! आठवड्यात निम्मं जंगल कंपनीचं झालं. गवे वाळले, पण आकडे वाढले.

अशातच माकडांनी भागाक्काचा गोळा पकडला.

“सोड मेल्या! आत माझं पोर आहे!”

“पोर तुझं असेल, शेण कंपनीचं आहे,” माकड म्हणालं, आणि गोळा मुद्देमाल म्हणून दरबारात जमा केला. भागाक्काने भीमाप्पा गव्याला साक्षीला घेतलं आणि दरबार गाठला.

“शेण तुझंच ना?” महाराजांनी विचारलं.

“माझंच, महाराज. भागाक्काला मीच दिलं होतं. पण आज जास्त बोलायला लावू नका, सकाळचा डोस जरा...”

“या बाईचा प्रगतीला विरोध आहे,” तरसशेठ म्हणाला. “शेण खाणारी जात, तिला काय कळणार?”

“आम्ही शेण खातो ते चारचौघांत खातो!” भागाक्का कडाडली. “तुमच्यासारखं गुहेत बसून नाही!”

महाराजांनी निकाल दिला. गोळा कंपनीचा. पडलेलं शेण, खालची माती, सगळं कंपनीचं.

आणि त्याच क्षणी भीमाप्पाचा धीर सुटला. थेट सिंहासनाच्या पायथ्याशी! भल्या मोठ्या परातीएवढं!

भागाक्का म्हणाली, “पडलं बाई शेण! आता उठवा माती, सिंहासनासकट!”

महाराजांनी घाबरून तरसशेठकडे पाहिलं आणि ते उठू लागले. तरसशेठने प्रेमाने त्यांचा खांदा दाबला. “बसा हो, बसा. जागा आमची आधीपासूनच होती, आज फक्त नियमात बसली. तुम्ही राहा की भाड्याने.”

मग भाड्याच्या अटी ठरू लागल्या, सगळे तिकडे धावले आणि मुद्देमालाकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. भागाक्काने उलटं होऊन गोळा ढकलला तो थेट सिंहासनाखाली, आणि तिथल्या ओल्या मातीत खोल पुरला. त्या पावसाळ्यात तिचं पोर त्याच मातीतून सुखरूप बाहेर आलं.

पुढे सगळं जंगल उकरून झालं. सिंहासनाखालची माती मात्र कंपनीने कधीच काढली नाही. भाडेकरू फार गुणी होता, दाखवाल तिथे सही करायचा.