पिवळ्या पाटीपाशी

"शब्द बरोबर म्हटला, जागेवर म्हटला. मग नापास कसा?"

शार्दूलने सकाळच्या चाचणीचा फॉर्म पुढे सरकवला. सहीची जागा कोरीच होती.

चाचणी घेणाऱ्या दस्तगीर मास्तरांनी चहा मागवला. म्हाताऱ्यांना उत्तर सापडलं नाही की चहा सुचतो, एवढं शार्दूल इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला होता. बाकी काही न शिकता तिसऱ्या वर्षी बाहेर पडला. आता ही मेट्रोची ड्रायव्हरकी गेली, की घरी बसून बापाचं तोंड बघायचं. आणि आज सही झाली नाही, तर ती जाणारच होती.

टेकडीची लाइन म्हणजे चार स्टेशनं. चढ असा की साधी चाकं घसरावीत, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी. गाडीखालचं दातेरी चाक तिच्यात बसलं की ड्रायव्हरने मोठ्याने म्हणायचं, "लागला." मगच जोर द्यायचा.

"पिवळ्या पाटीपाशी म्हणायचं, असं पुस्तकात आहे," शार्दूल म्हणाला. "वाचलंय ना, मास्तर?"

"मीच लिहिलंय."

"मग?"

मास्तर बशीत चहा ओतत राहिले...

"एकतीस वर्षं त्याच चार स्टेशनांत वरखाली केलंत. दुसरा कुणी शिकलेला बघवत नाही, असं सरळ सांगा की."

"नाही बघवत," मास्तर म्हणाले. "चल. गाडी रिकामी उभी आहे."

केबिनमध्ये शिरताच मास्तरांनी चपला काढल्या.

"बूट काढ."

"देऊळ आहे का हे?"

"मोजेपण."

शार्दूलने काढले. म्हातारा चळलाय, याबद्दल आता शंका नव्हती. पत्र्याची जमीन गार होती.

त्याने गाडी सोडली. पिवळी पाटी आली. त्याने तोंड उघडलं...

तळव्यांखाली नुसती खरखर. चाक पट्टीवर घासत होतं, बसत नव्हतं. पाटी मागे गेली. त्याने जोर दिला नाही. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

मग खालून एक ठोका आला. खरखर थांबली. शार्दूलचा हात आपोआप पुढे गेला आणि गाडी चढू लागली.

वर पोचल्यावर त्याला आठवलं. म्हणायचं राहूनच गेलं होतं.

मास्तर गुडघ्यावर फॉर्म ठेवून सही करत होते.

"थांबा," शार्दूल म्हणाला. "सकाळी म्हटलं, तर नापास. आता म्हटलंच नाही, तर पास? डोकं फिरलंय का माझं?"

मास्तरांनी चपला पायात सरकवल्या.

"सकाळी तू गाडीला सांगत होतास."