देठ मोडून पाहा

एकदा एका शिष्येची बोटं चिकट झाली. घडलं ते एवढंच, आणि एवढ्यावरून जीव घाबरा करून घेऊ नये हे तिलाही कळत होतं.

ती नदीकाठच्या एका वृद्ध वैद्यांकडे शिकत होती. त्यांच्या बागेत पायवाटेच्या कडेनं घोळीचा वाफा होता. घोळ म्हणजे जमिनीलगत पसरणारी, लालसर देठांची, जाड गुळगुळीत पानांची भाजी. ऊन चढलं की टोकांशी इवली पिवळी फुलं उघडतात, आणि मग ती कुणालाही ओळखू येते. त्या सकाळी मात्र ऊन चढायचं होतं. एक व्यापारी आपल्या मुलीला नावेतून घरी नेत होता. मुलगी लांबलेल्या तापातून नुकतीच उठलेली, पोटात अन्न ठरत नव्हतं. नाव सुटल्यावर घोळीची कोवळी पानं कच्चीच चावून खा, असं वैद्यांनी तिला सांगितलं होतं. व्यापाऱ्याची घाई चाललेली. शिष्येनं भराभर जुडी खुडून दिली.

नाव घाटावरून सुटली, आणि हात धुताना तिची बोटं एकमेकांना चिकटली. तिनं पुन्हा धुतली, तरी चिकटलीच. घोळ खुडून बोटं ओली होतात, चिकट होत नाहीत. डिंक लागला असेल, तिनं मनाशी म्हटलं. काल गूळ फोडला होता, तो असेल. पण कालचा गूळ आजपर्यंत कसा राहील?

ओरडून नाव थांबवावी, तर तोंड नव्हतं. वादळ येतंय म्हणून तिनं एकदा सगळं वाळवण आत आणायला लावलं होतं, आणि दिवसभर कडक ऊन पडलं होतं. व्यापारी तेव्हा तिथंच होता. वैद्यांना म्हणाला होता की तुमची शिष्या हुशार आहे खरी, पण स्वतःच्या शिंकेला दचकते. सगळे हसले होते. तीही हसली होती.

तरीही ती धावत वैद्यांकडे गेली. काहीतरी चुकलंय, नाव थांबवायला हवी, मला फार भीती वाटतेय, असं एका दमात बोलून गेली.

वैद्य काठी टेकत उठले, आणि घाटाकडे न जाता वाफ्याकडे वळले. तिथं खाली बसले, तिलाही बसवलं. नदीवरून वल्ह्यांचा आवाज येत होता, आणि तो लांब जात होता.

"काय पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"गुरुजी, नाव चाललीय."

"मला ऐकू येतंय. काय पाहिलंस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही काय पाठ घेण्याची वेळ आहे, असं तिला वाटलं. तरी तिनं वाफ्यात हात घातला, आणि घोळीच्या फांद्यांत गुंतलेलं दुसरंच एक रोप हाती लागलं. तसंच भुईला चिकटलेलं, देठही तसेच लालसर. पानं तेवढी पातळ. तिनं देठ मोडला, तसा पांढरा थेंब वर आला. ते दुधाळ तण होतं. त्याच्या चिकानं धडधाकट माणसालाही वांत्या होतात, मग त्या मुलीचं काय होईल? शिष्या उठायला गेली, पण वैद्यांनी तिचं मनगट धरलं.

"नावेतल्यांनी ते ओळखायचं कसं?"

पानं पातळ असतात, ती म्हणाली. लगेच स्वतःच म्हणाली की एव्हाना जुडी मलूल झाली असेल, पातळ काय आणि जाड काय, कळणार नाही. फुलं मिटलेली. रंग सारखाच. मग तिनं हातातला मोडलेला देठ पाहिला.

"देठ मोडला की घोळीतून पाणी निघतं. यातून दूध निघतं."

वैद्यांनी मनगट सोडलं. "आता जा. नदी बागेला वळसा घालते, मागच्या वाटेनं गेलीस की वळणावर नाव पुन्हा समोर येईल."

"हे आधी का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला होता.

"आधी गेली असतीस तर नुसती भीती घेऊन गेली असतीस. भीती खोटी नसते, पोरी. तुझ्या बोटांना कळलं ते खरंच होतं. पण भीती दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. लक्षण देता येतं."

ती धावली. वाटेत पदर काट्याला अडकला, तो तिनं ओढून सोडवला. वळणावर पोहोचली तेव्हा नाव प्रवाहाच्या मध्यावर होती. मुलगी जुडी मांडीवर घेऊन एकेक काडी पाण्यात बुचकळून धूत होती.

शिष्येनं हाक मारली. व्यापाऱ्यानं मान वळवली, आज कुठलं वादळ येतंय म्हणून विचारलं, आणि नावाड्याला चल म्हणून खूण केली. वल्हं पाण्यात शिरलं. तिच्या घशाशी पुन्हा तेच आलं, थांबा हो, मला भीती वाटतेय. तिनं ते गिळलं.

"देठ मोडून पाहा!" ती ओरडली. "पाणी आलं तर खा. दूध आलं तर टाकून द्या."

नाव सरकत होती. तिनं तेच शब्द पुन्हा, आणखी सावकाश उच्चारले. नावाड्यानं वल्हं वर धरलं. मुलगी मांडीवर वाकली होती. ती काय करतेय ते इतक्या दुरून दिसत नव्हतं. मग पाण्यावरून एक बारीक, तापानं खोल गेलेला आवाज आला.

"ताई, या काडीतून दूध आलंय. बाबांच्या हातातल्या काडीतून पाणी. थांबा, पुढची मोडते."